निशांत: धावपट्टीवाचून उड्डाण

[किल्ल्यावरून सकाळचं ग्वाल्हेर]

किल्ल्याच्या तटावरून महाराज बाड्याच्या बाजूला बघा. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, म्हणून या वस्तीचं नाव लष्कर. उंचावरून लांबचं दिसतं, पण टेकडीच्या पलीकडच्या उतारावर कोण दबा धरून बसलंय, ते कितीही उंच तटावरून कळत नाही. त्यासाठी डोळाच पलीकडे धाडावा लागतो.

[वाड्याचा चौक, पाटावर नमुना]

‘निशांत’ म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारं टेहळणी विमान; हा त्याचा एक पंचमांश नमुना. खऱ्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत 6.57 मीटर, वजन 380 किलो. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या बेंगळुरूमधल्या एडीई या प्रयोगशाळेनं तो सैन्यासाठी घडवला. पंखा मागे, शेपटीच्या दोन दांड्यांमध्ये; त्यामुळे पुढचं आणि खालचं दृश्य मोकळं राहतं. पोटाखाली फिरता कॅमेरा, रात्रीसाठी उष्णता टिपणारा दुसरा, शिवाय लेझर. अंतर मोजायचं आणि लक्ष्यावर ठिपका धरायचा, ही लेझरची कामं. एकदा वर गेला की साडेचार तास. आता तो उलटा करून बघा. चाकं कुठेच नाहीत.

[जुनं चित्रण: टाट्रा ट्रकवरून प्रक्षेपण, संथ गतीत]

पुण्याच्या दिघीतल्या आर अँड डीई या संस्थेनं हा प्रक्षेपक केला. दाबलेला वायू तेलाला रेटतो, तेलाच्या जोरावर रुळावरचा गाडा सुटतो. 0.6 सेकंदात वेग शून्यावरून सेकंदाला 45 मीटर, म्हणजे ताशी 162 किलोमीटर. त्यासाठी लागते जेमतेम साडेतेरा मीटरची धाव. गणित मांडलं तर तेवढ्या वेळात यानावर स्वतःच्या वजनाच्या साडेसातपट जोर येतो. 380 किलोचा ऐवज पावणेतीन टनांच्या वर जातो. बॅटरीचा पट्टा सैल असेल तर ती मागे सरकते आणि यानाचा तोल बिघडतो. टाकीतलं इंधन मागच्या भिंतीवर आदळतं. नळीचं तोंड उघडं पडलं तर इंजिनात हवा जाते आणि ते ऐन उड्डाणात बंद पडू शकतं.

त्यात आपल्याकडचा मे महिना. पंचेचाळीस अंशांना हवा पंधरा अंशांच्या मानाने नऊ-दहा टक्के विरळ, तेवढंच पंखांचं बळ कमी. वजन तेच ठेवायचं तर वेग पाच टक्क्यांनी वाढवायला हवा. प्लायवूडचा हा नमुनासुद्धा सकाळी सातला झकास सुटतो आणि दुपारी एकला नाक खाली घालतो.

[जवळून: लाकडी रोटर, हाताने फिरवताना]

फुगीर बाजूंचा हा त्रिकोण म्हणजे व्हँकेल इंजिनाचं हृदय. यात खाली-वर होणारा दट्ट्या नाही, म्हणून थरथर कमी आणि कॅमेरा खूश. त्रिकोणाचा एक फेरा, तो ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचे तीन. दुखणं आहे ते टोकांना. तिथल्या पट्ट्या झिजल्या की दाब निसटतो. आधी हे इंजिन परदेशातून यायचं. मग गाभा एनएएल या विमान संशोधन संस्थेनं, इग्निशन म्हणजे ठिणगीची यंत्रणा नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेनं आणि उड्डाणासाठी लागणारी जोडणी एडीईनं केली. 55 अश्वशक्ती, वजन सुमारे 30 किलो. 29 मार्च 2009 रोजी कोलारला या देशी इंजिनावर निशांत उडाला आणि चाळीसेक मिनिटांनी एका कोरड्या तलावात उतरला. नगरच्या संस्थेतलं कोणी या चित्रणात नाही, ही आमची चुटपुट.

[छत्री उघडताना]

उतरणं छत्रीवर. ती आपल्या शेजारच्या आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेची. इंजिन बंद, छत्री बाहेर, पोटाखालच्या पिशव्या फुगतात. समजा, तीनशे मीटरवर छत्री उघडली आणि यान सेकंदाला सहा मीटरनं खाली येतंय. पन्नास सेकंद लागतील. वारा सेकंदाला आठ मीटर असेल, तर तोवर ते चारशे मीटर वाहत जातं. कापलेल्या पतंगासारखंच, फक्त लुटायला पोरं धावत नाहीत, ट्रक धावतो. टेकल्यावर छत्री लगेच सुटली नाही तर वारा ती पुन्हा भरतो आणि यान खडकांवरून फरफटत जातं.

सैन्याला चार निशांत मिळाले. नोव्हेंबर 2015 पर्यंत चारही कोसळले, पुढची खरेदी रद्द झाली.

[पंचीचं चित्रण: चाकांवर धावताना]

ही ‘पंची’, निशांतचीच चाकं लावलेली बहीण. पहिलं उड्डाण 24 डिसेंबर 2014. हिला ट्रक नको, छत्री नको. एक लहानशी धावपट्टी तेवढी हवी.

[चौक: नमुन्याच्या छत्रीची घडी, दोऱ्या एकेक सरळ करणारे हात. निवेदन नाही.]