कानांनी पाहिलेले चित्रपट

नमस्कार, श्रोतेहो. गेल्या काही आठवड्यांत मी पाच चित्रपट पाहिले. निवडताना मनात कोणतेही सूत्र नव्हते, म्हणून त्यांत भयपट आला, विज्ञानपट आला, गुन्हेगारीची कथा आली, विनोदी चित्रपट आला आणि इतिहासातल्या एका भीषण पर्वावरचा चित्रपटही आला. पाचही पाहून झाल्यावर मात्र ध्यानात आले की, त्यांतले जे माझ्या मनात रेंगाळले आहे ते बहुतांशी कानांवाटे आत आलेले आहे. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे सांगण्यात मला विशेष आनंद वाटतो.

पहिला ‘अ क्वायट प्लेस’, २०१८ सालचा. जरासा आवाज झाला तरी झडप घालणाऱ्या प्राण्यांपासून जीव वाचवणारे एक कुटुंब खुणांच्या भाषेत बोलते आणि पायवाटेवर वाळू पसरून अनवाणी चालते. थोरल्या मुलीला ऐकू येत नाही, आणि ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतःही कर्णबधिर आहे. त्या मुलीच्या बाजूने प्रसंग दिसू लागला की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिच्या मागे काय उभे आहे हे आपल्याला दिसते, तिला कळत नाही. प्राण्यांच्या अक्राळविक्राळ रूपापेक्षा मला या क्षणांचीच अधिक भीती वाटली.

‘ग्रॅव्हिटी’विषयी माझी थोडी तक्रार आहे. पृथ्वीपासून सहाशे किलोमीटर उंचीवर आवाज वाहून नेणारे काहीच नसते, असे हा चित्रपट आरंभीच पडद्यावर लिहून सांगतो आणि ते वचन बऱ्याच अंशी पाळतो. यानाच्या ठिकऱ्या उडतात तरी स्फोट ऐकू येत नाही. हातातल्या अवजाराची थरथर अंतराळवीराच्या पोशाखातून जेवढी पोहोचेल तेवढीच आपल्यापर्यंत येते. मात्र ऐन संकटाच्या वेळी पार्श्वसंगीत इतके चढते की ती विलक्षण निर्वात शांतता त्याखाली झाकली जाते. त्या संगीताला ऑस्कर मिळाले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही तिथे ते नसते तर मला अधिक आवडले असते.

याच्या अगदी उलट धीर दिग्दर्शक कोएन बंधूंनी २००७ साली ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मध्ये दाखवला. तिथे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पैशांची बॅग घेऊन पळालेला माणूस हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत बसला आहे. तो खालच्या कारकुनाला फोन लावतो, घंटा वाजत राहते आणि कोणीही उचलत नाही. मग बाहेर पावले वाजतात, दाराखालच्या फटीत सावली थांबते, पुढे सरकते आणि बाहेरचा दिवा जातो. या प्रसंगात मी श्वास रोखून बसलो होतो. इथे घाबरा अशी सूचना देणारे एकही वाद्य नाही, म्हणून त्या माणसाइतकेच कान आपल्यालाही टवकारावे लागतात.

आता ‘पुष्पक’. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७ सालचा हा चित्रपट मी पुन्हा पाहिला. त्यात संवाद नाहीत, म्हणून अनेकजण त्याला मूकपट म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्यात माणसांच्या वावराचे, रस्त्याचे, वस्तूंचे आवाज भरपूर आहेत. कमल हासन यांनी रंगवलेला बेकार तरुण एका श्रीमंत मद्यपीला डांबून त्याच्या जागी आलिशान हॉटेलात राहायला जातो, आणि तिथे त्याला झोपच येत नाही. त्याच्या जुन्या खोलीला लागून चित्रपटगृह होते आणि तिथल्या हाणामारीच्या गोंगाटात झोपण्याची त्याला सवय जडली होती. शेवटी तो तो गोंगाट टेपवर मुद्रित करून आणतो, ती टेप लावतो आणि गाढ झोपतो. गरिबी माणसाच्या अंगात किती खोल मुरते, हे एकही शब्द न उच्चारता सांगणारा इतका हसरा प्रसंग मला दुसरा आठवत नाही. बंदिवानाच्या मलविसर्जनावर बेतलेला विनोद मात्र फार ताणला आहे, असे या वेळी वाटले.

शेवटचा, जोनाथन ग्लेझर यांचा २०२३ सालचा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस भिंतीला लागूनच असलेल्या घरात बायकामुलांसह राहतो. आरंभी पडदा बराच वेळ काळा राहतो आणि केवळ संगीत ऐकू येते, जणू पुढे कोणत्या इंद्रियावर भिस्त ठेवायची हे आपल्याला आधीच बजावले जाते. भिंतीपलीकडचा छळ कॅमेरा दाखवत नाही. बागेत फुले डोलतात, मुले पाण्यात खेळतात आणि त्या सगळ्यामागे गोळ्यांचे, कुत्र्यांचे, किंकाळ्यांचे आवाज अखंड चालू असतात. काही वेळाने ते आवाज आपल्याही सवयीचे होऊ लागले आहेत हे ध्यानात आले, तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. त्या घरात हॉसची सासू पाहुणी म्हणून येते, मुलीच्या वैभवाचे कौतुक करते, पण रात्री भिंतीपलीकडची धग आणि आवाज तिला सोसवत नाहीत. कोणालाही न सांगता, एक चिठ्ठी मागे ठेवून ती निघून जाते. मुलगी ती चिठ्ठी वाचते आणि जाळून टाकते. तीत काय लिहिले होते, हे आपल्याला कोणीही वाचून दाखवत नाही.