रिसेट मारला, पण लागला का?

उद्यमबाग, बेळगाव. फाउंड्र्या, मशीन शॉप, दिवसभर ट्रकांची ये-जा. अशाच एका शॉपच्या ऑफिसात कोपऱ्यात लिनक्सचा सर्व्हर आहे, बिलं त्याच्यावर, ड्रॉइंगं त्याच्यावर. वळवाचा पाऊस झाला, लाइट जाऊन आली, आणि आता बाहेर एक पॅकेट जाईना. केबल बरोबर, नेटवर्क कार्डावरचा हिरवा लाइटपण लागलेला. मालक म्हणतात, बंद करून चालू करा की ओ.

पण ड्रायव्हर, म्हंजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मघापासून तेच करायला बघतोय, फक्त कार्डापुरतं. स्क्रीनवरची ही ओळ बघा: नेटडेव वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट. म्हंजे कर्नलनं, लिनक्सच्या गाभ्यानं, पॅकेट दिलं, कार्डानं "गेलं" म्हणून कळवलंच नाही, क्यू, पॅकेटांची रांग, थांबून राहिली. ड्रायव्हरनं वेगळं काय सांगितलं नसेल तर कर्नल ५ सेकंद वाट बघतो आणि मग ड्रायव्हरचं टाइमआउटचं फंक्शन बोलावतो. हे फंक्शन टायमरमधनं चालतं, तिथं झोपायची म्हंजे थांबून राहायची परवानगी नाही, म्हणून शहाणा ड्रायव्हर तिथं स्वतः रिसेट करत नाही, काम वर्कक्यूत, म्हंजे नंतर करायच्या कामांच्या यादीत, टाकून बाहेर पडतो.

आणि इथनं पुढं खरी गंमत आहे, कारण बऱ्याच कोडमध्ये धरूनच चाललेलं असतं की रिसेट मारला म्हंजे तो लागलाच. इंटेलचा ई-१०००-ई ड्रायव्हर उघडून बघा, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कार्ड परत उभं करायचं फंक्शन फेल झालं तर लॉगमध्ये "हार्डवेअर एरर" एवढं छापलं जातं आणि गाडी तशीच पुढं. रिसेटचं मुख्य फंक्शन कुणाला काही परतच देत नाही, मग वरच्याला कळणार कसं की कार्ड उठलं का मेलंय? माझं स्पष्ट मत आहे, रिसेटचा रिझल्ट गिळणं हा छोटा दोष नव्हे, त्याच्यामुळं पुढचा प्रत्येक निर्णय खोट्या माहितीवर होतो.

ह्या शॉपचं नेटवर्क बघणारी ताई खानापूरची, रोज तिथनं येते. मालकांना ती सांगते, "मामा, कार्ड उत्तर देतंय असं ड्रायव्हरला वाटतंय, पण तिकडं कोणच नाही."

ती काय म्हणते ते समजून घ्या. पीसीआय एक्सप्रेसवरनं, म्हंजे कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या वाटेवरनं, कार्ड गायब झालं, लिंक पडली, तरी कार्डाचं रजिस्टर, म्हंजे त्याची स्थिती सांगणारा खण, वाचलं की एरर येत नाही, आकडा येतो, आणि त्या आकड्याचे ३२ च्या ३२ बिट १ असतात. आता ड्रायव्हर "रिसेटचा बिट ० होईपर्यंत थांब" म्हणून लूपमध्ये बसला असेल आणि लूपला वेळेची मर्यादा नसेल, तर तो कायमचा तिथंच. आणि उलटं लिहिलेलं असेल, "तयार असल्याचा बिट १ झाला की पुढं जा", तर ते जास्त वाईट, कारण मेलेलं कार्ड पहिल्याच वाचनात "मी तयार" म्हणतंय! म्हणून इंटेलच्याच आय-जी-बी ड्रायव्हरमध्ये सगळे बिट १ आले की दुसरं एक रजिस्टर वाचून खात्री करतात, तिथंही तेच आलं तर लिंक गेली असं लॉगमध्ये लिहून डिव्हाइस कर्नलपासून सोडवतात.

मेमरीचं तर अजून जपून. कार्ड डीएमएनं, म्हंजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये लिहितं, त्यामुळं रिंगची, म्हंजे पॅकेटांच्या गोल रांगेची, मेमरी सोडायच्या आधी कार्डाचं लिहिणं थांबलंय का बघायलाच पाहिजे, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला दिली जाते आणि कार्ड तिच्यात पॅकेट ओतत बसतं, मग भलताच प्रोग्राम पडतो आणि लोक रॅम बदलत बसतात. लॉकचंही तसंच, इंटरफेस खाली घेणारा आरटीएनएल लॉक (नेटवर्कमधल्या बदलांसाठीचं कर्नलचं कुलूप) धरून रिसेटचं काम संपायची वाट बघतोय आणि रिसेट त्याच लॉकची वाट बघतोय, झालं, दोघंपण अडकले.

बरं, रिसेट फेल झाला हे कळलं, मग करायचं काय? दर ५ सेकंदाला परत परत रिसेट मारणारे ड्रायव्हर आहेत, त्यानं लॉग भरतो, दुसरं काय होत नाही. इंटेलच्याच आइस ड्रायव्हरमध्ये हे चांगलं केलंय, उभारणी फसली की रिसेट फेल झाल्याची खूण लावून ठेवतो आणि ड्रायव्हर काढून परत लोड करा असं सरळ सांगतो. लिनक्स ५.१ मध्ये, २०१९ साली, डेव्हलिंक हेल्थ, म्हंजे ड्रायव्हरनं बिघाड कळवायची आणि रिकव्हरीची सोय, आलं, त्यात दोन रिकव्हरींच्या मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा ते ठरवता येतं.

ताईनं ह्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये केलेला बदल थोड्याच ओळींचा आहे. रिसेटचा रिझल्ट वरपर्यंत आणला, वाट बघायला मर्यादा घातली, आणि फेल झालं तर क्यू बंद करून कॅरियर, म्हंजे लिंक चालू असल्याची खूण, खाली पाडला. कॅरियरची ती एक ओळ महत्त्वाची. ह्या सर्व्हरमध्ये दोन कार्डं बाँडिंगमध्ये, म्हंजे एकत्र जोडून एकासारखी वापरलेली, आहेत, आणि बाँडिंग इथं कॅरियर बघूनच ठरवतं की हे कार्ड चालू आहे का नाही. ड्रायव्हर कॅरियर वर दाखवत बसला तर दुसरं चांगलं कार्ड शेजारी असून उपयोग नाही. आता पहिलं कार्ड रिसेटला उठलं नाही की कॅरियर पडतो आणि ट्रॅफिक दुसऱ्यावर जातं.