घरातल्यांना आधी कळतं

श्रोतेहो, नमस्कार. युरोप-अमेरिकेने जिहादी दहशतवादाला तोंड कसं द्यावं यावर आज बोलायचंय, पण सुरुवात करतो एका बापापासून.

१९ नोव्हेंबर २००९. नायजेरियाची राजधानी अबुजा. एक बँकर, देशातलं मोठं नाव, अमेरिकन एम्बसीत जातो आणि सांगतो की माझा मुलगा येमेनमध्ये आहे, भलत्याच लोकांच्या नादी लागलाय, मला भीती वाटते. पोटच्या पोराबद्दल परक्या सरकारच्या दारात जाऊन हे बोलताना त्या माणसाचं काय झालं असेल हो! तिथे ऐकून घेतलं, मुलाचं नाव एका यादीत टाकलं, आणि पुढे काहीच नाही, व्हिसा तसाच चालू, विमानात चढायला बंदी नाही. पाच आठवड्यांनी, २५ डिसेंबरला, तोच मुलगा आतल्या कपड्यांत स्फोटकं लपवून अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात बसला होता. स्फोट नीट झाला नाही आणि पॅसेंजर लोकांनी झडप घालून धरलं, म्हणून जवळजवळ तीनशे जीव वाचले.

आपली मुंबई तेवढी नशीबवान नव्हती. २६/११ साठी ताजची रेकी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकन नागरिक. त्याच्या एका बायकोने २००५ मध्येच न्यूयॉर्कमध्ये तपास यंत्रणेला सांगितलं होतं की याचा लष्कर-ए-तैयबाशी संबंध आहे. दुसरी बायको हल्ल्याच्या काही महिने आधी इस्लामाबादच्या अमेरिकन एम्बसीत गेली होती, तिनेही तेच सांगितलं. माहिती मोघम वाटली, फाईल पुढे सरकली नाही. १६६ माणसं गेली. हे आठवलं की मला अजून गप्प बसवत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पोरगं हाताबाहेर चाललंय हे सगळ्यात आधी घरात कळतं, आईला, बहिणीला, बायकोला, आणि ही घरं बहुतेक वेळा मुसलमानांचीच असतात. ती माणसं बोलायला आली तर त्यांचं ऐकलं जाईल अशी सोय पाश्चात्त्य देशांनी आधी करावी, ड्रोन-बिन नंतर.

लंडनचं उदाहरण बघा. डिसेंबर २०१४ मध्ये बेथनल ग्रीनमधली एक शाळकरी मुलगी सीरियाला निघून गेली. पोलिसांनी तिच्या मैत्रिणींकडे चौकशी केली, आणि फेब्रुवारीत पालकांसाठीची पत्रं दिली कुणाच्या हातात? त्या मुलींच्याच! मुलींनी ती घरी आणली आणि अभ्यासाच्या पुस्तकांत लपवली. १७ फेब्रुवारी २०१५ ला त्यातल्या तिघी, पंधरा-सोळा वर्षांच्या, विमानाने इस्तंबूलला गेल्या आणि तिथून आयसिसकडे. पत्रं घरच्यांना सापडली ती नंतर, खोली धुंडाळताना. मैत्रीण सीरियाला गेलीय हे आईबापांना कुणी थेट सांगितलंच नव्हतं. पुढे पोलीस कमिशनरने माफी मागितली, पण मुली गेल्या त्या गेल्याच.

आता डेन्मार्कमधलं आरहूस शहर. तिथून २०१३ पर्यंत तीसेक तरुण सीरियाला गेले. तिथल्या पोलिसांनी आणि नगरपालिकेने मिळून एक जागा चालवली, जिथे आईबाप, शिक्षक, कुणीही येऊन काळजी बोलून दाखवू शकतो. मुलाला एक मेंटॉर मिळतो, शिक्षण-नोकरी-घराचं बघतात, आणि ज्या मशिदीत यातले बरेच जण जायचे तिच्याशी पोलीस समोरासमोर बसून बोलले, ती मशीद कडव्या विचारांची आहे हे ठाऊक असूनसुद्धा. दहशतवाद्यांचे लाड चाललेत म्हणून खूप टीका झाली. पण २०१४ मध्ये तिथून एकच जण गेला. आणि ज्याने गुन्हा केला असेल त्याच्यावर खटला, त्यात सूट नाही, हेही लक्षात घ्या.

उलट फ्रान्स. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली, त्या दुःखापुढे बोलायला शब्द नाहीत, आणि कडक कारवाई हवीच होती. पण आणीबाणी दोन वर्षं चालली, चार हजारांवर झडत्या झाल्या आणि दहशतवादाचे खटले त्यातून थोडेच उभे राहिले. मध्यरात्री दार फोडलं, घरात काही सापडलं नाही, तर त्या घरातली आई उद्या भाच्याबद्दल शंका आली म्हणून पोलिसांना फोन करेल का हो? मला नाही वाटत.

तिने फोन करावा असं वाटत असेल तर तिला तिच्या भाषेत बोलणारं माणूस पलीकडे हवं, मुलाने अजून काही केलं नसेल तर त्याचं काय होईल हे तिला तिथल्या तिथे सांगता यायला हवं, आणि आठवड्याभरात कुणीतरी तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, पुढे काय झालं ते कळवायला हवं.