सरळ रेषेतले उड्डाण

यवतमाळ जिल्ह्यातील एका घराच्या ओसरीवर, वाळत घातलेल्या तुरीशेजारी, वायुसेनेच्या छायाचित्रण विभागातून निवृत्त झालेले आजोबा पत्र्याची पेटी उघडत आहेत. त्यांच्या हातातली घडीची, दोन भिंगांची चौकट म्हणजे स्टिरिओस्कोप. गावच्या पाण्याच्या टाकीवर चार पावले सरकून त्यांनी एकाच शिवाराची दोन छायाचित्रे काढली आहेत. नातीला भिंगांतून आधी दोन वेगवेगळे कागद दिसतात. मग आजोबा त्यांतला एक बोटाने किंचित सरकवतात आणि शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ कागदातून एकदम वर उठते.

टेहळणीच्या छायाचित्रांचे वाचन याच रीतीने चालत असे. विमानातील कॅमेरा ठरावीक अंतराने चित्र घेत जातो, आणि प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा साधारण ६० टक्के भाग पुन्हा यावा लागतो. तरच भिंगांखाली उंची आणि खोली उमटते, आणि दगडांच्या राशीतून लष्करी मोर्च्याची रचलेली भिंत वेगळी काढता येते. त्यासाठी विमानाचा वेग, उंची आणि दिशा स्थिर असावी लागते. खालून कोणी नेम धरून बसलेला असला, तरी चित्रांची ओळ पूर्ण होईपर्यंत वैमानिकाला सरळच जावे लागते. युद्धाच्या आठवणी सांगताना बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना जेवढी जागा मिळते, तेवढी या माणसांना मिळत नाही, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे असे आम्हांला मनापासून वाटते.

मे १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर घुसखोर नेमके कोठे बसले आहेत, हे शोधणे हेच पहिले काम होते. २१ मे रोजी वायुसेनेचे कॅनबेरा हे टेहळणी विमान त्या कामावर गेले. त्यावर एकही तोफ नव्हती. खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र त्याच्या एका इंजिनावर आदळले, तरीही वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला सुखरूप उतरवले. एरवी अशा क्षेपणास्त्राचा पल्ला जमिनीपासून मोजतात. येथे ते डागणारा माणूसच टायगर हिलसारख्या, सुमारे १६,५०० फूट उंचीच्या शिखरांवर बसलेला होता, त्यामुळे एरवी सुरक्षित मानलेली उंचीही अपुरी ठरत होती.

सहा दिवसांनी, २७ मे रोजी, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा छायाचित्रण टेहळणीच्या मोहिमेचे नेतृत्व करीत मिग-२१ घेऊन निघाले. त्याच सुमारास फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांना विमानातून बाहेर उडी घ्यावी लागली. ते कोठे उतरले हे शोधण्यासाठी आहुजा त्या धोक्याच्या भागातच थांबले, आणि त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागले. टेहळणीला निघालेल्या वैमानिकाने शेवटी शोध घेतला तो आपल्याच सहकाऱ्याचा, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

नचिकेता युद्धकैदी झाले आणि ३ जून रोजी सुटले. आहुजा परतले नाहीत; त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले. वायुसेनेने त्यानंतर क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेरून, अधिक उंचीवरून हल्ले करण्याची पद्धत स्वीकारली, आणि कॅनबेरा विमाने २००७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

त्या मे महिन्यात आजोबा गावी परतलेले होते आणि ओसरीसमोरच्या याच वावरात वखरणी चालू होती. धुऱ्यावर ठेवलेल्या रेडिओवर बातमी लागली, तेव्हा त्यांनी बैल थांबवले आणि ती पूर्ण ऐकून मगच वखराचे पुढचे तास धरले. नात अजून भिंगांवर वाकलेली आहे. आजोबा तिच्यासाठी दुसरी जोडी मांडत आहेत.