पान हलेना

(दृश्य: फॉर्म भरून होतो. 'सेव्ह'वर क्लिक. पडद्याच्या मधोमध चौकट उगवते.)

'माहिती जतन झाली.' सांगायचं होतं इतकंच. पण त्यापायी अख्खं पान गोठलंय. कोपऱ्यातलं उलट मोजणारं घड्याळ ४२ सेकंदांवर अडकलंय. कुणीतरी 'ओके' दाबेपर्यंत इथलं पानही हलायचं नाही.

ही करामत 'अलर्ट' नावाच्या फंक्शनची. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी वेबपानं हलती-बोलती करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. या भाषेच्या सुरुवातीच्या काळापासून अलर्ट सोबतीला आहे. लिहायला एक ओळ, म्हणून सगळ्यांचा लाडका. अडचण अशी, की पानावरचा कोड एकाच रांगेतून पुढे सरकतो आणि अलर्ट त्या रांगेत आडवा पडतो.

(दृश्य: तोच फॉर्म. या वेळी खालच्या कोपऱ्यात छोटी पट्टी सरकत वर येते.)

हा 'टोस्ट'. टोस्टरमधून पावाचा तुकडा टपकन वर यावा, तसा येतो म्हणून हे नाव. बनवायला फार काही लागत नाही: एक डिव्ह (पानावरचा रिकामा डबा), थोडं सीएसएस (रंगरूप ठरवणारी भाषा) आणि ठरल्या वेळाने पट्टी काढून टाकणारा 'सेटटाइमआउट'. मजकूर मात्र 'टेक्स्टकंटेंट'नेच भरायचा, म्हणजे तो निव्वळ अक्षरं म्हणूनच दिसतो. नावाच्या रकान्यात एखाद्याने इमेजचा टॅग लिहिला, त्यात 'ऑनएरर' (चित्र न मिळाल्यास चालणारा कोड) घुसवलं आणि आपण ते टॅगही खरे मानणाऱ्या 'इनरएचटीएमएल'ने टोस्टमध्ये ओतलं, तर चित्र सापडत नाही आणि त्याचा कोड आपल्या पानावर चालतो.

(दृश्य: पडदा काळा. फक्त स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज.)

आता डोळे मिटून ऐका. टोस्ट आला, गेला. आवाजाला पत्ताच नाही.

इथे त्या जुन्या चौकटीची बाजू घ्यावीशी वाटते. ती आडमुठी खरी, पण स्क्रीन रीडर तिला वाचून दाखवायचा आणि ती न बघता पुढे जाता यायचं नाही. टोस्टला हे शिकवावं लागतं. पान उघडतानाच एक रिकामा डबा तयार ठेवायचा, त्याचा 'रोल' (स्क्रीन रीडरला त्याचं काम सांगणारी खूण) 'स्टेटस' करायचा आणि मजकूर नंतर त्यात टाकायचा. 'स्टेटस' चालू वाक्य संपेपर्यंत थांबतो. 'अलर्ट' हा रोल (नाव तेच, पण वरचं फंक्शन नव्हे) मधेच तोंड घालतो. 'जोडणी तुटली' यासाठी तो ठीक, 'सेव्ह झालं' यासाठी आगाऊपणा.

आणि चूक दाखवणारा टोस्ट ५ सेकंदांत गायब करू नका. वाचणारा तेव्हा चहूकडे बघत असतो, नेमका त्या कोपऱ्यात सोडून. चुकलेल्या रकान्याखालीच ओळ लिहा, ती दुरुस्त होईपर्यंत राहू द्या.

(दृश्य: नवी साइट उघडते. उघडताक्षणी 'सूचना पाठवू का?')

टॅब मागे असतानाही दिसणाऱ्या सूचनांसाठी ब्राउझरची परवानगी लागते. ओळख ना पाळख, दारातच ही विचारणा, म्हणून लोक नकार देतात. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या फायरफॉक्स ब्राउझरच्या ७२व्या आवृत्तीने तर पानावर काही दाबल्याशिवाय ही चौकट दाखवणंच बंद केलं. एकदा नकार नोंदला गेला, की कोडला पुन्हा विचारता येत नाही. माणसाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदललं तरच.

(दृश्य: मोठी फाइल अपलोड होतेय, १२ टक्के. बाजूला बटण: 'झालं की मला कळवा'. माउस तिकडे वळतो. क्लिक.)

आता विचारा.