शेवटचे दहा मीटर

नमस्कार मंडळी! मला पाच मिनिटं दिलीयेत आणि मागे मुलं नाचाचे कपडे घालून ताटकळलीयेत, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही करत नाही.

मी स्काउटच्या ट्रूपमध्ये व्हॉलंटियर आहे. आम्ही मुलांना जिओकॅशिंगला नेतो, त्यासाठी मला तुमच्यातली मोठी माणसं हवीयेत. जिओकॅशिंग म्हणजे काय विचाराल तर कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आपण जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. आत एखादं खेळणं असेल आणि ते घेतलंत तर तेवढ्याच मोलाचं दुसरं टाकायचं. बस्स.

मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायचं, शंभरेक मीटर इकडेतिकडे सहज व्हायचं. ते बंद केलं आणि लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये एक बादली अर्धवट पुरून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला, तिथून हे सगळं सुरू झालं. (गंमत म्हणजे आज जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणी तसं पुरून ठेवलं तर डबा मंजूरच होणार नाही.) २०१० मध्ये अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी याचा मेरिट बॅजच, म्हणजे कौशल्य शिकल्याचा बिल्लाच काढला.

आता पालक मला विचारतात की अहो, आधीच मुलांच्या हातातून फोन सुटत नाही, त्यात तुम्ही स्काउटमध्येपण फोनच देणार का? प्रश्न अगदी बरोबर आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. पण होतं काय, झाडीत जीपीएस तुम्हाला फार तर पाच-दहा मीटरपर्यंत नेऊन सोडतो आणि मग फोनवरचा बाण गोल गोल फिरायला लागतो. तिथे मी सांगते, फोन खिशात. आता बघा, कुठला दगड उगाच नीट रचल्यासारखा वाटतोय, कुठलं गवत दबलंय, तुम्ही लपवला असता तर कुठे लपवला असता? स्काउटिंग सुरू करणारे बेडन-पॉवेल १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन गेले तेव्हा माग काढणं, निरीक्षण करणं हेच तर शिकवत होते. जीपीएसचे उपग्रह फक्त बागेच्या फाटकापर्यंत सोडायला आलेत असं समजा.

आणि फाटकापर्यंतसुद्धा डोकं लागतंच हो. अक्षांशाच्या एका अंशाची साठ मिनिटं असतात आणि एका मिनिटाचे साठ सेकंद. एकदा एका मुलाने अक्षांशातली ४५.५०० मिनिटं हे ४५ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं. अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद, पण त्याने धरले ५०, त्या वीस सेकंदांनी अख्खा गट सहाशे मीटर उत्तरेला जाऊन एका चिखलात उभा! मला आधीच दिसलं होतं पण मी गप्प बसले, माझेही बूट गेले त्यात. पण त्या गटाला दशांश आता कोणी शिकवावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर शोधण्यापेक्षा लपवणं जास्त शिकवतं, आणि आपण मोठे नेमकं तेच स्वतः करून टाकतो. जागेच्या मालकाची परवानगी मुलांनीच जाऊन मागायची, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर तरी लांब जागा शोधायची, आत खाऊ ठेवायचा नाही कारण प्राणी वासाने येऊन डबा फोडतात, चाकू-काडेपेटी नाही. आणि नंतरची देखभाल! पावसाने वही भिजली, कोणीतरी वेबसाइटवर तक्रार लिहिली, आता कोण जाणार? जो लपवतो तो जाणार. आमच्या मुलांनी दोनदा वही बदलली, तिसऱ्यांदा घट्ट झाकणाचा डबा शोधून आणला, मी काही न सांगता.

जाता-येता वाटेतला कचरा उचलायची पद्धत यात आधीपासून आहे, त्यामुळे पिशव्या लागतील. मुलं जोडीनेच फिरणार, एकटं कोणी नाही, आणि प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं हवीत, तिथे मला तुमची गरज आहे. चालायची तयारी ठेवा, जीपीएस येत नसेल तरी चालेल, मुलं शिकवतील.

नावं बाहेरच्या टेबलावर घेतेय. आणि येताना पेन आणा, डब्यात पेन्सिल असते पण तिला टोक कधीच नसतं.