मृगाआधीचे परतीचे तिकीट

(अमेरिकेतील मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य, मांडीवर लेकरे सांभाळत बसलेले माझ्या वयाचे आई-बाबा आणि पुढच्या रांगेत बसलेले, वरुड-मोर्शीपासून वाशीम-वणीपर्यंतच्या गावांतून आलेले आजी-आबाजी, सर्वांना नमस्कार.

घरात लहान मूल असताना आजी-आजोबांची मदत आणि आई-वडिलांची स्वतःची ध्येये यांचा मेळ कसा घालावा, यावर बोलण्यास मला सांगितले आहे. विषय मोठा असल्याने मी त्यातील एकाच गोष्टीवर भर देणार आहे. आपल्याकडे येणारे आजी-आजोबा निवृत्त आहेत, असे आपण मनाशी धरून चालतो. बँकेतून किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या पुण्या-नागपूरच्या जोडप्याच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि ज्यांचे घर अजून वावरावर चालते, त्यांना निवृत्तीची तारीखच नसते. माझे माहेर वरुड तालुक्यातील आणि सासर वाशीमकडचे, म्हणजे एकीकडे संत्रा आणि दुसरीकडे सोयाबीन-तूर. दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे सत्तरीकडे झुकलेली असूनही आजही कामावर आहेत.

आपण तिकीट काढताना काय पाहतो? आपल्या रजा, बाळंतपणाची तारीख, पाळणाघराची प्रतीक्षा यादी आणि विमानाचे भाडे. गावाकडचे वर्ष मात्र वेगळ्याच क्रमाने चालते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग लागला की पेरणीची धांदल सुरू होते. मग डवरणी (ओळींमधली कोळपणी), निंदण आणि फवारण्या येतात. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघते आणि दिवाळीपासून कापसाचे वेचे सुरू होतात. त्यानंतर तूर, हरभरा, गहू हे सगळे घरात येईपर्यंत मार्च उजाडतो आणि मार्चअखेर पीककर्जाचा भरणा समोर उभा राहतो. गुढीपाडव्याला सालगड्याचा नवा करार होतो. पावसाळ्यात, २०२१ पासून, ई-पीक पाहणीचीही भर पडली आहे. शेतकऱ्याने प्रत्यक्ष वावरात उभे राहून मोबाइलवरून पिकाची नोंद करायची असते, आणि ती राहिली तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या विक्रीपर्यंत अडचणी येतात. शिवाय रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांच्यामुळे रात्रीची जागल असतेच. ती कोणी करायची, हा प्रश्न आपल्या फोनवरील संभाषणात सहसा येत नाही, कारण आबाजी तो बोलून दाखवत नाहीत. "येतो ना, पाहतो," एवढेच म्हणतात आणि वावर ठोक्याने (ठरावीक रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) देऊन टाकतात. त्या वर्षीच्या उत्पन्नातील घट हा आपल्या बाळाच्या संगोपनाचा खर्चच असतो, फक्त तो आपल्या हिशेबाच्या वहीत कोठेही लिहिला जात नाही.

आपली गरज खोटी आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने मिळणारी रजा १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी, आणि अटी पूर्ण करणाऱ्यांनाच. भारतात संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या बहिणीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. या दोन आकड्यांमधली दरी आपल्याकडे आजी-आजोबा भरून काढतात. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते, नेमकी मुदत विमानतळावरील अधिकारी ठरवतो. म्हणून बहुतेक घरांत पहिली जोडी परतली की दुसरी येते, अशी पाळी लागलेली असते. ही व्यवस्था चालते आणि चांगली चालते, परंतु ती कोणाच्या जिवावर चालते हे दोन्ही बाजूंनी उघडपणे बोलले गेले पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ हा शेतकरी आबाजींना त्यातल्या त्यात सोयीचा असतो. बाळंतपणाची तारीख आपल्या हाती नसली, तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची भेट याच काळात बसवता येते, आणि परतीचे तिकीट मृगाच्या आधीचे काढता येते.

येथे आबाजींचा सोयीचा काळ तो आजींचाही, असे समजू नये. एप्रिल-मे हे आजींच्या उन्हाळी कामांचे महिने आहेत. पापड, कुरड्या, सरगुंडे हे वर्षभराचे वाळवण त्याच दिवसांत होते आणि गल्लीतील चार घरे एकमेकींकडे आळीपाळीने जाऊन ते करतात. आमच्या ओळखीतील एक आजी गावातील बचत गटाच्या सचिव आहेत. येथे आल्यावर त्या भारतीय वेळेप्रमाणे गटाच्या बैठकीला फोनवर हजर राहत, हप्त्यांचा हिशेब विचारत, आणि त्या वेळी नातवाला कोणीतरी दुसऱ्याने घ्यावे असे स्पष्ट सांगत. घरातल्या मंडळींना सुरुवातीला याची गंमत वाटली. मला मात्र त्या घरात स्वतःचे ध्येय सर्वांत नेमके माहीत असलेली व्यक्ती त्याच वाटल्या. शेगावची पायी वारी, भजनी मंडळ, उतारवयात घेतलेले वाचनाचे वेड अशा अनेक गोष्टी आपल्या आयांनी मुले मोठी झाल्यावर म्हणून राखून ठेवलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यांना पुन्हा तान्ह्या बाळापाशी बोलावतो.

आता आई-वडिलांच्या स्वतःच्या ध्येयांकडे वळते. परवाना परीक्षा, अर्धवट राहिलेली पदव्युत्तर पदवी, धावण्याची शर्यत, गाण्याचा रियाज, काहीही असो. लहान मूल घरात आहे म्हणून ते सोडून द्यावे, असा उपदेश मला पटत नाही. मात्र सगळे एकदम हवे, हा आग्रहही पटत नाही. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला ताण देऊन, म्हणजे काही काळ पाणी तोडून, शेतकरी आंबिया (हिवाळ्याअखेरचा) किंवा मृग (पावसाळ्याच्या तोंडचा) यांपैकी एक बहार, म्हणजे फुलोरा, धरतो. दोन्ही धरले तर झाड खचते आणि फळही बारीक राहते. कोणता धरायचा, हे विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी टिकते त्यावर ठरते, शेजाऱ्याने कोणता धरला यावर नव्हे. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत घरात एका वेळी एकच मोठे ध्येय धरावे, असे माझे मत आहे. या वर्षी एकाचे, पुढच्या वर्षी दुसऱ्याचे. आणि कोणाची पाळी आहे, हे नाव घेऊन ठरलेले असावे.

"नाव घेऊन" असे मी मुद्दाम म्हणते. अनेक घरांत पतीच्या ध्येयाला करिअर म्हणतात आणि पत्नीच्या ध्येयाला हौस. अवलंबित व्हिसावर आलेल्या आपल्यातील कितीतरी जणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून, अमरावती-नागपूरच्या महाविद्यालयांतून उत्तम शिक्षण घेऊन आल्या आहेत. २०१५ पासून अशा काही पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला, परंतु तो पतीच्या ग्रीन कार्डच्या अर्जाची ठरावीक पायरी पूर्ण झाल्यावरच. तो हाती येतो तेव्हा नेमके मूल दीड वर्षाचे असते. अशा वेळी सासू-सासरे येणार म्हटल्यावर सर्वजण तिला सांगतात की आता तुला अभ्यासाला वेळ मिळेल. प्रत्यक्षात तिचे काम वाढते. दोघांचा स्वयंपाक चौघांचा होतो, सकाळी भाकरी आणि रात्री भात असा दोन पद्धतींचा होतो, शनिवार-रविवार पाहुण्यांना फिरवण्यात जातात, आणि सासूबाई ओट्यापाशी उभ्या असताना खोलीचे दार लावून पुस्तक उघडणे तिला संकोचाचे वाटते. यात सासूबाईंचा दोष नाही. सून नेमके काय करते आहे, परीक्षा कधी आहे, ती उत्तीर्ण झाल्यावर काय होणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे काम मुलाचे आहे. सुनेने सांगितले तर ती सवलत मागितल्यासारखी वाटते. मुलाने सांगितले तर ती घरातली ठरलेली गोष्ट होते. अभ्यासाचे तास घराबाहेर, सार्वजनिक ग्रंथालयात काढावेत, असाही माझा अनुभवाचा सल्ला आहे, कारण आई घरात आहे हे दोन वर्षांच्या मुलाला बंद दारातूनही कळते.

मुलाच्या बाजूनेही थोडे पाहू. साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात मुलाला आईपासून दूर होण्याची भीती सर्वाधिक वाटते. त्या वयात विमानतळावर प्रथमच दिसलेल्या आजीकडे ते गेले नाही, तर आजीने मनाला लावून घेऊ नये आणि आपणही मूल तिच्या कडेवर बळेच देऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी तेच मूल आबाजींचे बोट सोडत नाही. भेटीच्या आधी व्हिडिओ कॉल नियमित असले तर हा काळ कमी होतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आतील मुलांना पडदा दाखवू नये असे सांगते, पण व्हिडिओ कॉलला त्यातून सूट देते. पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतात तेव्हा गावात सायंकाळचे पाच वाजतात; आबाजी वावरातून परतण्याची ती वेळ असते, आणि बैल, वासरू, कोंबड्या हे सगळे मुलाला थेट दाखवता येते. रात्री झोपेच्या वेळी कॉल करू नये. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तासांची झोप लागते, आणि ती मोडली की दुसऱ्या दिवशी सर्वांचीच ध्येये बाजूला राहतात.

संगोपनाच्या पद्धतींवरून होणारे वाद मी लवकर आटोपते, कारण त्यांतील बहुतेक वाद वाद होण्याइतके मोठे नसतात. काही बाबतींत मात्र तडजोड नको: एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, डोळ्यांत काजळ घालायचे नाही, अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार वर्षांपर्यंत द्यायचे नाहीत, आणि मोटारीत मूल कितीही रडले तरी त्याला आसनातून काढून मांडीवर घ्यायचे नाही. शेवटची गोष्ट आजींना निष्ठुरपणाची वाटते, म्हणून ती पहिल्या प्रवासाआधीच समजावून सांगावी. बाकी तेलाची मालीश, मऊ भात, ज्वारीच्या कण्या यांत आजींना मोकळीक द्यावी. शेंगदाण्याचा बारीक कूट घालून केलेल्या पातळ पदार्थांबाबत तर आधुनिक संशोधन आजींच्या बाजूचे निघाले. शेंगदाणा लवकर, योग्य स्वरूपात दिल्यास ॲलर्जीची शक्यता कमी होते, असे २०१५ मधील मोठ्या चाचणीत दिसले. इसब असलेल्या मुलांच्या बाबतीत तेवढे आधी डॉक्टरांना विचारावे.

पाहुण्यांच्या एकटेपणाविषयी मंडळाने काहीतरी करायला हवे. गावात आजी ओट्यावर बसल्या की पाच जणी येऊन बसतात. येथे दुपारी बाराला रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि गाडी चालवता येत नसल्याने घर हेच कोंडवाडा वाटू लागते. येथील सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास विनाशुल्क असतो. मंडळाने आठवड्यातील एक सकाळ ठरवून चार-पाच घरांच्या आजी-आजोबांना नातवंडांसह तेथे नेण्या-आणण्याची सोय करावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आपण करतोच. त्यातले लाकडी नंदी सजवण्याचे काम त्या वेळी येथे असलेल्या आबाजींकडे द्यावे. औषधांचा पूर्ण मुदतीचा साठा आणि प्रवासी आरोग्य विमा यांविषयी मंडळाने माहिती दिलेलीच आहे, ती मी पुन्हा सांगत नाही.

शेवटी, प्रत्येक वेळी त्यांनीच का यावे, हाही प्रश्न आहे. मूल शाळेत जाऊ लागेपर्यंतची तीन-चार वर्षे हीच गावी जाण्याची खरी मोकळीक असते, आणि ती आपण बहुधा उन्हाळ्यात, चंद्रपूर-नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे धावत असताना, वाया घालवतो. हिवाळ्यात जावे. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, हुरडा, सकाळची थंडी आणि आपापल्या राज्यात असलेले आजी-आबाजी. तेथे मुलाला कसे रमवायचे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. येथे जन्मलेल्या मुलासाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा व्हिसा वेळेत काढावा, आणि सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराच्या लशीची एक जादा मात्रा लागते, ती डॉक्टरांकडून घ्यावी. तिकिटासाठी नाताळच्या सुट्टीचा हट्ट धरू नये, त्या आठवड्यांत भाडे सर्वांत चढे असते. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येते, त्यामुळे जानेवारीचा दुसरा पंधरवडाही चालतो. फक्त आबाजींना तुरीची सोंगणी कधी आहे, ते आधी विचारून घ्या.